ट्रान्समीटर जपा, पण पैसा गळतोय दुसरीकडे

पत्र

'माझा मुलगा १३ वर्षांचा आहे. त्याला टाइप १ मधुमेह आहे, दिवसाला चार इंजेक्शनं घेतो. यजमान मुंबईला नोकरीला, मी आणि मुलगा सासूबाईंसोबत देवगड तालुक्यात गावी असतो. यजमानांनी पैसे साठवून अंगावर लावून सतत साखर मोजणारं सेन्सरचं यंत्र घेतलं. शिंपल्याच्या आकाराचा ट्रान्समीटर, चार्ज करायचा, दर सात दिवसांनी सेन्सर नवा, आणि रोज दोन वेळा बोट टोचून आकडा भरायचा, असं ते आहे. पहिला ट्रान्समीटर सव्वा वर्षात, ऐन श्रावणात बंद पडला. दुसरा घेताना सोनं मोडावं लागलं. आता हा तरी दोन-तीन वर्षं चालावा म्हणून काय करू? धाकटे दीर इलेक्ट्रॉनिक्सचं काम करतात, ते म्हणतात, वहिनी, जुना माझ्याकडे द्या, उघडून बॅटरी घालतो. एका ओळखीच्यांनी परदेशातून आणलेला दुसऱ्या कंपनीचा ट्रान्समीटर निम्म्या किमतीत देऊ केलाय, तो घ्यावा का? आणि हल्ली रात्री मुंबईला यजमानांच्या फोनवर आकडे दिसेनासे होतात, ते घाबरून फोन करतात. नवीन पण बिघडायला लागला का?'
– एक आई, देवगड

उत्तर

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण रात्रीची झोप आधी परत यायला हवी. तुम्ही पत्रात पुढे लिहिलंय की त्या वेळी मुलाच्या उशाशी ठेवलेल्या फोनवर आकडा येत असतो. मग ट्रान्समीटर ठणठणीत आहे. सेन्सरजवळचा ट्रान्समीटर मुलाच्या फोनशी ब्लूटूथने बोलतो, त्याला इंटरनेट लागत नाही. तुमच्या घरापासून मुंबईपर्यंतचा पुढचा प्रवास मात्र इंटरनेटवर होतो. रात्री पाऊस जोरात आला, लाईट गेली, टॉवरची बॅटरी संपली, की मुंबईचा पडदा रिकामा होतो आणि देवगडचा चालू राहतो. यजमानांना हे समजावून सांगा, आणि एक साधा करार करा: आकडे दिसेनासे झाले तर आधी तुम्हाला साधा फोन करायचा. तोही लागला नाही तर शेजारी कुणाला करायचा, ते नाव आजच ठरवा. रेंज तुमच्या घरात एका कंपनीची येते आणि शेजारी दुसरीची, हे आपल्याकडे नवीन नाही.

उशाच्या फोनवरही आकडा थांबत असेल तर दोन गोष्टी तपासा. अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवायला पडद्यामागची ॲप झोपवतो. त्या ॲपला बॅटरी सेव्हरमधून मोकळं करा. दुसरं, मुलगा सेन्सरच्या अंगावर झोपतो का? शरीरात पाणी भरपूर, आणि ब्लूटूथला पाणी ओलांडणं जड जातं. फोन पाठीमागच्या बाजूला असेल तर सिग्नल तुटतो. वर तो भाग दाबला गेला की तिथल्या पेशींमधला द्रव बाजूला सरतो आणि साखर खरोखर कमी नसतानाही आकडा घसरलेला दिसतो. पहाटे तीनला ६० दिसतंय, पोरगं उठवल्यावर टवटवीत आहे, ग्लुकोमीटरच्या पट्टीवर ११५ येतंय, असं झालं तर ट्रान्समीटरला दोष देऊ नका, कूस बदलायला सांगा. पण उलटं कधीच गृहीत धरू नका. कमी आकडा दिसला की आधी पट्टीवर पाहायचं, आणि पट्टीही ७० च्या खाली असेल तर लगेच १५ ग्रॅम साखर, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. पट्टी हाताशी नसेल आणि मुलगा घामाघूम असेल, तर साखर आधी, तपासणी नंतर.

आता ट्रान्समीटर. तुमच्या वर्णनावरून तो मेडट्रॉनिक कंपनीच्या गार्डियन घराण्यातला आहे. या ट्रान्समीटरची वॉरंटी एक वर्षाची असते. याचा अर्थ वर्षाच्या शेवटी तो आतून बंद होतो असा नाही. आत एक छोटी चार्ज होणारी बॅटरी आहे. ती दम धरेल तोवर तो चालतो, आणि सांभाळला तर वॉरंटीपेक्षा बराच जास्त चालू शकतो. बाकीच्या कंपन्यांचं गणित वेगळं आहे. डेक्सकॉम जी-सिक्सचा ट्रान्समीटर ९० दिवसांचा. बॅटरी बदलता येत नाही आणि घड्याळ पहिल्या वापरापासून सुरू होतं, मधे काढून कपाटात ठेवलात तरी चालूच राहतं. लिब्रेमध्ये तर सेन्सर आणि ट्रान्समीटर एकाच चकतीत असतात. तिथे जपण्यासारखं वेगळं काही उरतच नाही, दोनेक आठवड्यांनी सगळं कचऱ्यात. तेव्हा 'माझा दोन वर्षं चालला' असं कुणी ग्रुपवर लिहिलं तर आधी विचारा, कुठला?

पहिला ट्रान्समीटर श्रावणात गेला हे मला पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वाटतं. बॅटरी म्हातारी होऊन गेला असेल, तेही शक्य आहे. पण म्हातारपण महिना बघून येत नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर भिंतींना ओल येते, कपाटातल्या बुटांना बुरशी येते, आणि किनाऱ्यालगत त्यात खारा वारा मिसळतो. ज्या हवेत दाराच्या कड्या गंजतात त्या हवेत ट्रान्समीटरच्या पुढच्या खोबणीतल्या बारीक पिना उघड्या ठेवल्या तर त्याही गंजणार. सेन्सर लावलेला असतो तेव्हा त्या झाकलेल्या असतात, त्यामुळे अंगावर असताना ट्रान्समीटर बराच सुरक्षित. धोका आहे तो दोन सेन्सरांच्या मधल्या काही तासांत, म्हणजे धुताना, वाळवताना आणि ठेवताना.

धुण्यापासून सांगते. डब्यात ट्रान्समीटर आणि चार्जरबरोबर एक छोटा प्लास्टिकचा तुकडा येतो, सेन्सरच्याच तोंडाचा. त्याला टेस्टर म्हणतात. बरीच घरं तो 'कशाचा तरी सुटा भाग' समजून खोक्यातच ठेवतात. त्याची कामं दोन. एक, चार्ज झालेल्या ट्रान्समीटरला लावला की हिरवा दिवा लुकलुकतो, म्हणजे ट्रान्समीटर जिवंत. दुसरं आणि आपल्यासाठी जास्त मोलाचं, तो लावला की पिनांचं तोंड पाणबंद होतं. ट्रान्समीटर धुवायचा तो टेस्टर लावूनच. सौम्य साबण, मऊ ब्रश, वाहतं पाणी, मग ७० टक्के अल्कोहोलचा बोळा बाहेरून, आणि स्वच्छ कोरड्या कापडावर पूर्ण वाळेपर्यंत ठेवायचा. वाळल्यावरच टेस्टर काढायचा. टेस्टरच्या तोंडाशी रबराची कडी असते, ती झिजते. म्हणून टेस्टर एक वर्षच वापरायचा असतो, त्यानंतर तो पाणी अडवेल याची खात्री नसते. जुन्या ट्रान्समीटरचा टेस्टर 'चांगला आहे' म्हणून नव्याला वापरत असाल तर आज थांबवा. सव्वा वर्षाच्या कथेत मला संशय इथेच येतो, पण तुमचा जुना ट्रान्समीटर मी पाहिलेला नाही, म्हणून संशय एवढंच म्हणते.

पिनांच्या खोबणीत ओल दिसलीच तर ती तोंड खाली करून तासाभरापेक्षा जास्त उघड्या हवेत सुकू द्या, मगच चार्जर लावा. ओल्या पिनांतून वीज गेली की गंज झपाट्याने धरतो. खोबणीत काडी, टूथपिक, कापूस काहीही घालू नका. आणि तांदळाच्या डब्यात तर मुळीच ठेवू नका. मोबाइल भिजला की तांदळात पुरायची रीत घरोघरी आहे, पण तांदळाची बारीक पूड नेमकी याच खोबणीत जाऊन बसते. चार्जरला पाणी लावायचंच नाही, तो पाणबंद नाही. पुसायचा असेल तर कोरड्या फडक्याने.

ठेवायची जागा: झाकण घट्ट बसणारा छोटा डबा, आत सिलिका जेलच्या दोन पुड्या. निळे मणी गुलाबी झाले की पुडी ओल पिऊन भरली. मणी वाटीत काढून मंद आचेवर गरम केले की पुन्हा निळे होतात. डबा कुठे ठेवायचा? देवघराशेजारी, आतल्या खोलीच्या फळीवर, कुठेही, पण चुलीजवळ नको, न्हाणीघराजवळ नको, पडवीत तर नकोच. फ्रीजमध्ये ट्रान्समीटर ठेवू नका. थंडगार वस्तू आपल्या दमट हवेत बाहेर काढली की तिला घाम येतो, तो घाम थेट पिनांवर. सेन्सरचं मात्र उलटं. सेन्सरच्या पाकिटावर तापमान छापलेलं असतं, बहुतेकांना २ ते ३० अंश चालतं, आणि मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत ३० कधीच ओलांडतात. ते फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवायला हरकत नाही, बर्फाच्या कप्प्याला चिकटून नकोत. लावायच्या आधी बंद पाकीट बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्यायचं, आणि त्याआधी फोडायचं नाही.

चार्जिंग. तुमच्या चार्जरमध्ये टीव्हीच्या रिमोटला लागतो तो एक बारीक सेल असतो, भिंतीच्या प्लगशी त्याचा संबंध नाही. कोकणासाठी हे वरदान आहे आणि फार कमी लोकांच्या ते लक्षात येतं. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धनजवळ धडकलं तेव्हा तिकडच्या आणि दापोली-मंडणगडच्या गावांत कितीतरी दिवस वीज नव्हती. अशा वेळी ट्रान्समीटर चार्ज होत राहतो, अडतो तो फोन. म्हणून पावसाळ्याआधी दोन खरेद्या: चांगल्या अल्कलाइन सेलचं एक पाकीट, आणि फोनसाठी पॉवर बँक. बाजारात मिळणारे स्वस्त सेल इथे वापरू नका. अर्धमेल्या सेलवर ट्रान्समीटर पूर्ण भरत नाही, मग सहाव्या दिवशी बॅटरी कमीचा इशारा येतो आणि आपण म्हणतो, ट्रान्समीटर गेला. चार्जरवर लाल दिवा लुकलुकला तर आधी सेल बदला.

दर सेन्सर काढल्यावर ट्रान्समीटर धुवा, वाळवा, चार्जरला लावा. हिरवा दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर झाला की भरला. रिकामा असेल तर दोन तासांपर्यंत लागतात, एरवी बराच कमी वेळ. 'अजून चार्ज आहे, पुढच्या आठवड्याला चालेल' हे करू नका. अशा छोट्या लिथियम बॅटरीला तळ गाठणं सगळ्यात जास्त झिजवतं. पैशाअभावी महिना-दीड महिना सेन्सर लावला नाही तरी ट्रान्समीटर दोन महिन्यांच्या आत एकदा चार्ज करायलाच हवा. आणि भरल्यावर तो चार्जरवर अडकवून आठवडेच्या आठवडे विसरायचा नाही. काढायचा आणि डब्यात.

एक वही करा. मुलालाच करू द्या, आठवीतलं पोर आहे, त्याच्या अंगावरचं यंत्र आहे. सेन्सर कधी लावला, ट्रान्समीटर कधी चार्ज केला, बॅटरीचा इशारा कितव्या दिवशी आला, सेन्सर कितव्या दिवशी निघाला आणि का. चार्जरमध्ये नवा सेल घालून पूर्ण चार्ज केलेला ट्रान्समीटरही सलग दोन-तीन वेळा चौथ्या-पाचव्या दिवशी मान टाकायला लागला, तर बॅटरी उतरतेय. मग पैशाची तयारी सुरू करायला तुमच्याकडे वेळ असतो. अचानक एका रात्रीत सोनं मोडायची वेळ येऊ नये, एवढ्यासाठी ही वही.

आता त्या शीर्षकाकडे येते. तुम्ही ट्रान्समीटरचा हिशेब लिहिलात, सेन्सरचा लिहिला नाहीत. वर्षाला ट्रान्समीटर फार तर एक. सात दिवसांचे सेन्सर वर्षाला ५२. आणि पत्रात तुम्ही ओझरतं लिहिलंय की 'पाचव्या दिवशी घामाने सुटतोच'. दर सेन्सर पाचव्या दिवशी सुटला तर वर्षाला ७३ लागतील. म्हणजे २१ सेन्सर जास्त. तुमच्या बिलातली सेन्सरची किंमत घ्या, २१ ने गुणा, आणि ट्रान्समीटरच्या किमतीशेजारी ठेवा. मला वाटतं हा आकडा पाहून तुम्ही ट्रान्समीटरपेक्षा चिकटपट्टीकडे जास्त लक्ष द्याल.

सुटायचं मुख्य कारण घाम हे खरं, पण घामाआधी तेल येतं. खोबरेल चोळून आंघोळ घालायची आपली सवय चांगली आहे, फक्त सेन्सर लावायच्या दिवशी त्या जागेला तेल नको, आदल्या दिवशीही नको. जागा साबणाने धुवा, अल्कोहोलने पुसा, आणि ते पूर्ण उडून जाईपर्यंत थांबा. ओल्या कातडीवर चिकटलेली पट्टी दुसऱ्या दिवशीच कडेला सुटायला लागते. आंघोळीनंतर लगेच लावू नका, अंग थंड होऊ द्या. मे महिन्यात दुपारी तर नकोच, सकाळी लावा. कंपनीची पट्टी लावली की वरून स्पोर्ट्स टेपचा गोल कापून लावता येतो, खेळाडू गुडघ्याला लावतात तो. औषधाच्या दुकानात सांगून मागवावा लागेल. कोपरे गोल कापा, टोकदार कोपरा शर्टात अडकतो. कातडी लाल होत असेल तर जागा बदला आणि डॉक्टरांना दाखवा, जबरदस्तीने त्याच जागी चिकटवू नका.

पाणी. हा ट्रान्समीटर सेन्सरला जोडलेला असताना २.४ मीटर खोलीपर्यंत अर्धा तास तग धरेल असा बनवलेला असतो. विहिरीवर बालदीने आंघोळ, पऱ्यात डुंबणं, समुद्रात कमरेएवढ्या पाण्यात खेळणं याला हरकत नाही. कठड्यावरून विहिरीत उडी मारणं वेगळं, आणि तुमचा मुलगा ते करत असेल, कारण तिथली सगळीच पोरं करतात. पाण्यावर आपटण्याच्या जोराने पट्टी सुटते आणि अख्खा संच विहिरीच्या तळाशी. ट्रान्समीटर कायमचा जायचे हे दोन रस्ते मी सगळ्यात जास्त ऐकलेत, पाण्यात हरवणं आणि कचऱ्यात जाणं. थकलेली आई सात दिवसांचा सेन्सर पट्टीसकट उपटते, गोळा करून टाकते, ट्रान्समीटर त्यातच. नियम करा: ट्रान्समीटर डब्यात पडल्याशिवाय पट्टी कचऱ्यात जाणार नाही. काढताना सेन्सरच्या कडेचे दोन्ही कान दाबायचे आणि सरळ ओढायचं, पिळायचं नाही. पिळलं तर पिना वाकतात. समुद्रावरून आल्यावर अंगावरच्या संचावर गोडं पाणी ओता. मीठ वाळून पट्टीखाली राहिलं तर कातडीला खाज सुटते, आणि पोर खाजवून खाजवून सेन्सर सैल करतं.

आणखी एक गळती, जी कुणाच्या लक्षात येत नाही. तुम्ही रोज दोन वेळा बोट टोचून आकडा भरता. हापूसच्या दिवसांत ते बोट आधी काय करत होतं? आंबा, फणसाचा गरा, काजूची बोंडं, काहीही हाताळलेलं असेल तर साखरेचा थर बोटावर राहतो आणि ग्लुकोमीटर १२० च्या जागी २५० सुद्धा दाखवू शकतो. तो खोटा आकडा यंत्रात भरला की सेन्सर त्यावर आपलं माप बेततो, पुढे तासन्‌तास चुकत राहतो, आणि शेवटी सेन्सर बाद झाल्याचा इशारा देतो. हात साबणाने धुवा. सॅनिटायझर पुरेसा नाही. आकडा भरायची वेळ अशी निवडा जेव्हा साखर स्थिर आहे, पडद्यावर चढ-उताराचे बाण नाहीत. सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही, कातडीखालच्या द्रवातली मोजतो, आणि ती रक्ताच्या काही मिनिटं मागे असते. जेवून तासाभराने साखर चढत असताना दोन्हींची तुलना करणं म्हणजे चालत्या एसटीला धावता धावता हात लावणं.

पावसात ताप येतो, आणि ताप आला की घरात पॅरासिटामॉल. ती गोळी तुमच्या जातीच्या सेन्सरला फसवते, प्रत्यक्षात साखर वाढलेली नसताना आकडा वाढलेला दिसतो. त्या आकड्यावर इन्सुलिन दिलं तर धोका आहे. तापाच्या दिवसांत डोस ग्लुकोमीटरच्या पट्टीवरच ठरवा, आणि तो आकडा सेन्सरमध्ये भरावा की नाही हे डॉक्टरांना आधीच विचारून वहीत लिहून ठेवा. दिवसभर पॅरासिटामॉल चालू आणि सेन्सर भरकटलेला, हे पाहून ट्रान्समीटर दुकानात नेणाऱ्या आया मला माहीत आहेत.

आता तुमच्या भावोजींकडे. त्यांचा हात चांगला असेल, मी शंका घेत नाही. पण गार्डियनचं कवच चिकटवून बंद केलेलं असतं. ते कापून उघडलं की पाणबंदपणा गेला, आणि तुमच्या हवेत तो परत आणणं घरी शक्य नाही. बॅटरी छोटी, बोर्ड छोटा, आणि नंतर तो चालला असं वाटलं तरी तो आकडा बरोबर आहे हे ताडून बघायचं साधन भावोजींकडे नाही. त्या आकड्यावर तुम्ही मुलाला इन्सुलिन देता. बंद पडलेला ट्रान्समीटर परवडतो, कारण तो बंद आहे हे दिसतं. चुकीचा आकडा आत्मविश्वासाने दाखवणारा ट्रान्समीटर परवडत नाही. जुना त्यांना शिकायला, उघडून बघायला द्या, हरकत नाही. मुलाच्या अंगावर परत येऊ देऊ नका.

निम्म्या किमतीचा परदेशी ट्रान्समीटर घेऊ नका. एक तर तो तुमच्या सेन्सरला बसणार नाही. प्रत्येक कंपनीचा ट्रान्समीटर तिच्याच सेन्सरला जोडला जातो, म्हणजे त्याच्याबरोबर सेन्सरही बाहेरूनच मागवत राहावे लागतील, आणि ते उन्हाळ्यात कुरिअरच्या गाडीत किती तापले हे कुणाला ठाऊक. दुसरं, तो ९० दिवसांच्या जातीचा असेल तर घड्याळ आधीच चालू झालेलं असू शकतं. त्याच्या जुन्या खेपांचं घड्याळ काही जण फोनवरच्या ॲपने मागे न्यायचे, आतल्या बॅटऱ्याही बदलायचे. नंतरच्या खेपांत तो दरवाजा बंद झाला. विकणारा तुम्हाला जुन्या खेपेच्या गोष्टी सांगून नवी खेप विकेल. बिल नाही, वॉरंटी नाही, बिघडला तर तक्रार कुणाकडे?

तुमच्याकडे मात्र बिल आहे. त्याचा आज फोटो काढा, कारण दुकानातला गुळगुळीत कागद आपल्या दमट हवेत सहा महिन्यांत पांढरा पडतो. ट्रान्समीटरचा सिरीयल नंबर खोक्यावर आणि पाठीवर असतो, त्याचाही फोटो. खरेदीची तारीख वहीच्या पहिल्या पानावर. वर्ष संपायच्या महिनाभर आधी टेस्टर लावून दिवा बघा, वहीतले बॅटरीचे इशारे बघा, आणि काही खटकलं तर वॉरंटीत असतानाच कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर फोन करा. 'बहुतेक पावसाने गेला असेल' असं स्वतःहून म्हणू नका, जे दिसतंय तेवढंच सांगा: पूर्ण चार्ज केला, नवा सेल होता, चौथ्या दिवशी बंद, इतक्या वेळा. सेन्सर मुदतीआधी स्वतःहून बाद झाला तरी पाकिटावरचा लॉट नंबर घेऊन फोन करा. बदलून मिळतो का, हे विचारायला पैसे पडत नाहीत.

पैशाची ओढाताण असेल तर वर्षाचे ५२ आठवडे सेन्सर लावायलाच हवा असं नाही. हे डॉक्टरांशी बोलून ठरवा, पण कुठले आठवडे लावायचे हे तुम्ही त्यांच्यापेक्षा जास्त जाणता: शाळा उघडल्यावरचा पहिला आठवडा, इन्सुलिन बदललं तो आठवडा, परीक्षा, आणि गणपतीचे दिवस, जेव्हा घर चाकरमान्यांनी भरलेलं असतं, जेवणाच्या वेळा राहत नाहीत आणि कुणी तरी मामा मुलाच्या पानात तिसरा मोदक वाढतो. मधल्या आठवड्यांत ग्लुकोमीटरच्या पट्ट्या. पट्ट्यांचा साठा पावसाळ्यात दीड महिन्याचा ठेवा. घाटात दरड आली, रेल्वे थांबली, की देवगडच्या दुकानात त्या आठ-आठ दिवस येत नाहीत. पट्ट्यांच्या डबीचं झाकण काढलं की लगेच लावा, त्यांनाही ओल बाधते.

आणि यजमानांना सांगा, पुढच्या वेळी मुंबईहून येताना दोन वस्तू आणायच्या: नवा टेस्टर, आणि सिलिका जेलची अर्धा किलोची पिशवी. गावात मिळत नाही.